ट्यूब काढून एलईडी लावले आणि रोपं रुसली. ट्यूब परत चढवू का?

सुरंगी (फोंडा), 9 जुलै, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. घरामागच्या दहा बाय दहाच्या खोलीत चार वर्षं मी लोखंडी रॅकवर मायक्रोग्रीन्स काढते, म्हणजे कोवळी असतानाच कापून खायची रोपं. मुळा, मोहरी, सूर्यफूल, आणि सगळ्यात वरच्या कप्प्यात बेसिल. पणजीतली तीन हॉटेलं आणि ओळखीची पंधरा-वीस घरं, एवढंच गिऱ्हाईक, पण ते नेमाने घेतं. चार कप्पे, प्रत्येकात चार फुटी दोन ट्यूब, 36 वॅटच्या, जुन्या तांब्याच्या चोकच्या. त्या चोकची घूं घूं इतकी कानात बसली होती की रात्री वीज गेली तर आवाज थांबल्यामुळे मला जाग यायची.

मे संपता संपता सगळं बदललं. खालच्या तीन कप्प्यांत 20 वॅटच्या एलईडी पट्ट्या, दोन-दोन. वर बेसिलसाठी 100 वॅटचा ग्रो लाइट बोर्ड. दिवे पूर्वीसारखेच रोज 14 तास चालतात.

बिल उतरलं. पण बेसिलची शेंड्याची पानं पांढरट पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. सूर्यफुलाच्या ट्रेमध्ये चौथ्या दिवशी देठांच्या बुडाशी पांढरी जाळी धरते, आणि गड्डा उचलला की खाली चिखल आणि कुबट वास. गेल्या आठवड्यात सोळातले पाच ट्रे टाकून दिले. बी तेच, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तेच, सकाळ-संध्याकाळचं पाणी तेच. बदलला तो फक्त दिवा.

सासूबाई दारातून बघून म्हणाल्या, "ह्या दिव्यांक ऊब ना गो, रोपां कशीं वाडटलीं?" नवरा म्हणतो ट्यूब माळ्यावरच आहेत, रविवारी परत चढवतो. चढवू का? ज्यांनी हा बदल केलाय त्यांनी कृपया सांगा.

---

कुळागर (डिचोली), 9 जुलै, रात्री 10:05

बेसिलचा शेंडा बोर्डापासून किती इंचांवर आहे?

---

सुरंगी, 9 जुलै, रात्री 10:11

पाच इंच. ट्यूबही पाच इंचांवरच होत्या.

---

कुळागर, 9 जुलै, रात्री 10:14

निम्मं उत्तर इथेच मिळालं. रविवारी काही चढवू नका. सविस्तर उद्या लिहितो, इथे दिवे लुकलुकायला लागलेत.

---

माड_पोफळ (सावर्डे), 10 जुलै, सकाळी 6:50

सुरंगीताई, माझं मत उलटं आहे. चालती ट्यूब काढूच नये. मी पंधरा वर्षं ट्यूबखाली अँथुरियमची पिल्लं आणि आफ्रिकन व्हायोलेट वाढवतो. ट्यूबचा उजेड चारी बाजूंनी पसरतो, पानाला चटका देत नाही. हात लावून बघा, ट्यूब नुसती कोमट असते. एलईडी पट्टीचा उजेड सरळ खाली पडतो. कोवळ्या रोपाला मऊ उजेड लागतो असा माझा अनुभव आहे.

आणि ज्यांच्याकडे पूर्वेची खिडकी आहे त्यांनी आधी ती वापरावी. दिव्याचं बघायचं त्यानंतर.

---

सुरंगी, 10 जुलै, सकाळी 7:20

काका, खिडकी आहे, पण बाहेर फणस आणि वर जुलैचं आभाळ. कालची पूर्ण दुपार खोलीत दिवा लावल्याशिवाय बी आणि खडा वेगळा दिसत नव्हता.

---

कुळागर, 10 जुलै, सकाळी 11:30

आता नीट लिहितो.

आपल्याला दिवा वॅटवर मोजायची सवय आहे. ट्यूबच्या जमान्यात ते चालून जायचं, कारण सगळ्या ट्यूब साधारण सारख्याच. एलईडीमध्ये वॅट फक्त मीटर किती फिरेल ते सांगतात, पानावर किती उजेड पडेल ते नाही. ट्यूबचा निम्मा उजेड वरच्या पत्र्याकडे आणि भिंतीकडे जातो. मागे चांगला चकचकीत परावर्तक नसेल तर तो गेलाच. तुमच्या वरच्या कप्प्यात आधी दोन ट्यूब होत्या, चोक धरून 95 वॅटच्या आसपास. आता बोर्ड 100 वॅटचा. वॅट जवळजवळ तेवढेच, म्हणून उंची तीच ठेवली, बरोबर? पण चांगला बोर्ड तेवढ्याच विजेत तिपटीहून जास्त उजेड झाडावर टाकतो. पाच इंचांवर तर मधोमध झोतच पडत असणार.

बेसिलला उन्हाचं वावडं नाही, तो आपल्या सब्ज्याचाच जातभाई. पण रोपाने सगळा जन्म मंद उजेडात काढला असेल तर त्याचं पान पातळ असतं. त्याला एका दिवसात एवढ्या उजेडात ढकललं की हरितद्रव्य टिकत नाही, पान पांढरं पडतं. बारीक ओळख सांगतो. खताची कमतरता असेल तर बहुधा खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. उजेडाचा मार असेल तर दिव्याच्या सगळ्यात जवळचं पान आधी जातं आणि सावलीत दडलेलं पान हिरवंगार राहतं. शेंड्याचं पान उचलून त्याच्याखाली झाकलेलं पान बघा आणि सांगा.

बोर्ड दीड फुटावर घ्या. मंद करायचं बटण असेल तर निम्म्यावर आणा आणि आठवड्याने थोडं थोडं वाढवा.

बुरशीचं कोडं मात्र मला अजून सुटलं नाही. 20 वॅटच्या पट्ट्या काही रोप जाळत नाहीत.

---

रानमेवा (मडगाव), 10 जुलै, दुपारी 1:15

धाग्याला सोडून एक प्रश्न. तो जांभळा दिवा मिळतो तो चांगला की पांढरा? मी मागच्या वर्षी जांभळा आणला होता. गॅलरीत लावला तर समोरच्या इमारतीतली मुलं रोज संध्याकाळी विचारायची, "काकी, आज पार्टी आसा?" शेवटी त्यांना वर बोलावून पुदिना दाखवला, तेव्हापासून ती पुदिन्याला पार्टीचं झाडच म्हणतात.

---

गणिताचे_सर (म्हापसा), 10 जुलै, दुपारी 3:40

रानमेवाताई, जांभळ्यामागे कारण आहे. हरितद्रव्य निळा आणि लाल उजेड सगळ्यात जास्त शोषतं, म्हणून सुरुवातीचे दिवे फक्त निळ्या आणि लाल चिपचे बनले. हिरवा पानाच्या उपयोगाचाच नाही असा समज पसरला. तो चुकीचा आहे. पान हिरव्यातलाही बराचसा भाग शोषतं आणि हिरवा उजेड पानात जास्त खोल उतरतो. टेक्सासमध्ये मॅक्री या शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बावीस पिकांच्या पानांवर एकेका रंगाचा परिणाम मोजला होता. हिरव्यातही प्रकाशसंश्लेषण चांगलं चालतं हे तेव्हाच दिसलं होतं.

पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळीच चिप, तिच्यावर पिवळसर लेप. त्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तो निळा सापडला नसता तर घरातले पांढरे एलईडीही आले नसते.

घरगुती कामाला पांढराच घ्या. अजून एक कारण आहे, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं. जांभळ्या उजेडात पान पिवळं आहे, डाग आहे, मावा आहे, काहीच कळत नाही. सगळं काळपट दिसतं. रोप आजारी आहे हे आठ दिवस उशिरा कळलं तर बाकीचे फायदे घेऊन काय करायचं?

सुरंगीताई, फोनवर लक्स, म्हणजे उजेड, मोजायचं ॲप असतं. फोन ट्रेवर आडवा ठेवून, समोरच्या कॅमेऱ्याची बाजू वर करून आकडा सांगाल का? फोन तंतोतंत मोजत नाही, पण अंदाजाला पुरतो.

---

सुरंगी, 10 जुलै, संध्याकाळी 7:05

कुळागरदादा, तुम्ही म्हणालात तसंच आहे. शेंड्याचं पान बोटाने उचललं तर खालच्या पानावर वरच्या पानाची सावली जशीच्या तशी छापलेली. सावलीखालचा भाग हिरवा आणि उघडा राहिलेला कडेचा भाग फिकट, मध्ये रेघ ओढल्यासारखी. चार वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं.

सर, बोर्डाखाली मधोमध 62,000 लक्स, कोपऱ्यांत 21,000. खालच्या कप्प्यांत 9,000 ते 10,000.

---

गणिताचे_सर, 10 जुलै, रात्री 8:30

62,000! आता हिशेब करू. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप. झाडासाठी 400 ते 700 नॅनोमीटरमधले प्रकाशकण मोजतात, दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला 70 ने भागलं की ढोबळ आकडा मिळतो. 62,000 भागिले 70 म्हणजे साधारण 885.

आता दिवसाचा हिशेब. 14 तास म्हणजे 50,400 सेकंद. 885 गुणिले 50,400, आणि दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल, म्हणजे दिवसाला जवळजवळ 45 मोल. आपल्याकडे एप्रिलच्या निरभ्र दिवशी उघड्या माळावर साधारण एवढा उजेड मिळतो. तुम्ही पावसाळ्यात, बंद खोलीत, कोवळ्या बेसिलला रोज एप्रिल दिलात.

बेसिलला 14-15 मोल छान पुरतात. म्हणजे पानाच्या उंचीवर 20,000 लक्स मिळतील एवढा बोर्ड वर घ्या. खालच्या कप्प्यांत 10,000 लक्सला साधारण 7 मोल होतात, मायक्रोग्रीन्सना ते ठीक आहेत. तिथे उजेडाचा दोष नाही.

ट्यूब किंवा पिवळ्या सोडियम दिव्यासाठी हा 70 चा भागाकार वापरू नका. उन्हासाठी साधारण 54 आणि सोडियमसाठी 80 च्या पुढे धरतात.

---

हिशोबनीस (पर्वरी), 11 जुलै, सकाळी 9:10

सर्वांचं वाचलं. बिलाची बाजू कोणी मांडली नाही, म्हणून लिहितो.

जुनं: आठ ट्यूब, चोक धरून प्रत्येकी 48 वॅट, एकूण 384. रोज 14 तासांनी महिन्याला 161 युनिट. नवं: सहा पट्ट्यांचे 120 आणि बोर्डाचे 100, एकूण 220 वॅट, महिन्याला 92 युनिट. फरक 69 युनिटचा. युनिटला 4 रुपये धरले तर 276 रुपये.

ताई, खर्च किती आला? माझा अंदाज पट्ट्यांचे 1,500 आणि बोर्डाचे 6,500. तसं असेल तर पैसे वसूल व्हायला 29 महिने. पण पट्ट्या आणि बोर्ड वेगळे काढा. सगळी बचत पट्ट्यांची आहे, त्या साडेपाच महिन्यांत फिटतात. बोर्डाने वीज वाचवलेली नाही, त्याने उजेड वाढवला. तो उजेड तुम्हाला विकता आला, म्हणजे बेसिलची कापणी लवकर आणि जास्त आली, तरच तो बोर्ड परवडला. नाही तर वरच्या कप्प्यातही दोन पट्ट्या पुरल्या असत्या.

---

सुरंगी, 11 जुलै, सकाळी 9:45

तुमचा अंदाज जवळजवळ बरोबर आहे, बोर्डाला 6,800 पडले. बोर्ड हवाच होता. ट्यूबखाली बेसिल व्हायचा, पण देठ काडीसारखे, दोन पेरांत तीन-तीन बोटं अंतर. हॉटेलच्या आचाऱ्याने दोनदा परत पाठवला होता.

---

पेडण्याची_मिरची (पेडणे), 11 जुलै, रात्री 10:20

बुरशीचं उत्तर माझ्याकडे आहे. दोन पावसाळे घालवून मिळवलंय, म्हणून जरा लांब लिहिते.

आम्ही चवथीनंतर लावायला हरमल मिरचीची रोपं पावसात घरातच करतो. पूर्वी बंद केलेल्या बाल्कनीत 250 वॅटचा सोडियम दिवा होता, रस्त्यावर असायचा तसला पिवळा. त्याची एक डोकेदुखी होती, ती आधी सांगते. पावसात आमच्याकडे वीज दिवसात दहादा लुकलुकते. क्षणभर गेली तरी तो दिवा विझायचा, आणि तापलेला सोडियम दिवा लगेच पेटत नाही. तो थंड व्हायची वाट बघायची, मग पेटून पुरता उजळायला आणखी तीन-चार मिनिटं. जुलैच्या वाईट दिवशी तो चालू असण्यापेक्षा पेटण्याच्या खटपटीतच जास्त असायचा. एलईडी घेतले ते याच कारणाने. वीज आली की डोळ्याची पापणी लवायच्या आत उजेड.

पहिल्या पावसाळ्यात एलईडीखाली रोपं बुडाशी मऊ पडून कोलमडायला लागली. मातीवर हिरवं शेवाळ, आणि त्या बारीक काळ्या माश्या. मी बी बदललं, माती भाजून घेतली, बुरशीनाशक टाकलं. काही उपयोग नाही.

मग यजमानांनी भिंतीवर तापमान आणि दमटपणा दाखवणारं घड्याळ लावलं, आणि एक दिवस मुद्दाम जुना दिवा पेटवला. खोली 27 अंशांवरून 30 वर गेली आणि दमटपणा 90 वरून 76 टक्क्यांवर आला. हवेतलं पाणी तेवढंच होतं. पण गरम हवेची पाणी धरायची ताकद जास्त, म्हणून तीच हवा कोरडी झाली. शिवाय सोडियम दिव्याची आच थेट पानावर पडायची. पान हवेपेक्षा थोडं गरम राहायचं, घाम गाळायचं, मुळांतून पाणी ओढायचं. कुंडी संध्याकाळपर्यंत हलकी व्हायची. एलईडीखाली पान गार, हवा दमट, पाणी ओढलंच जात नाही, आणि आपण मात्र सवयीने सकाळ-संध्याकाळ पाणी घालतोय.

सुरंगी, तुझ्या आठ ट्यूब आणि त्यांचे चोक मिळून 384 वॅट खोलीत सोडत होते. दिव्याला दिलेली वीज शेवटी बहुतेक सगळी उष्णताच होते. म्हणजे तुझ्या खोलीत चार वर्षं रोज 14 तास एक छोटी शेगडी जळत होती आणि तीच तुझे ट्रे वाळवत होती. आता तिचे 164 वॅट कमी झाले. तुझ्या सासूबाईंना हे दारातूनच कळलं. त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे.

पण ऊब परत आणायला ट्यूब चढवू नकोस. हवा हलव. छोटा पंखा, झोत थेट रोपांवर नको, रॅकच्या बाजूने वाहील असा. पाणी निम्मं कर. आणि घड्याळ बघून पाणी घालायचं सोड. ट्रे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव. सकाळी आणि संध्याकाळी वजन घे. कमी झालेलं वजन म्हणजे रोपाने प्यायलेलं आणि उडालेलं पाणी, तेवढंच परत दे.

---

माड_पोफळ, 12 जुलै, सकाळी 7:00

पेडण्याच्या ताईंनी डोळे उघडले. माझी व्हायोलेट पावसात कधी कुजली नाहीत, ते श्रेय मी ट्यूबच्या मऊ उजेडाला देत होतो. ते चोकच्या उबेचं असेल असं कधी मनात आलं नाही. माझे चोक रॅकच्या फळीलाच ठोकलेले आहेत, कुंड्यांच्या बरोबर खाली.

चालती ट्यूब काढू नये हे मात्र माझं मत कायम. मोडेल तेव्हा बदलीन.

---

कुळागर, 12 जुलै, सकाळी 8:15

काका, एवढंच बघा की ट्यूब पेटते आहे म्हणजे ती चालते आहे असं नाही. टोकं काळी पडली की उजेड बराच उतरलेला असतो. डोळा सरावतो, रोप सरावत नाही. आणि पुढे मिळतील की नाही हाही प्रश्न आहे. पाऱ्यामुळे मिनामाता कराराच्या देशांनी 2023 मध्ये 2027 पर्यंत ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायचं ठरवलंय, आणि भारत त्या करारात आहे.

सुरंगीताई, माळ्यावरच्या ट्यूब कचऱ्यात फेकू नका. आत पारा असतो. नियमाने त्या ई-कचऱ्यात येतात. तोपर्यंत मूळ खोक्यात, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठेवा. फुटलीच तर झाडूने झाडू नका. खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबा, मग जाड कागदाने तुकडे गोळा करा.

---

वायरमन_बाब (वाळपई), 12 जुलै, रात्री 9:30

उजेडाचं तुम्ही सगळे जाणता, मी विजेचं सांगतो. पावसात अशा खोल्यांत जाऊन आलोय, म्हणून काळजी वाटते.

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब घालणाऱ्यांनी आधी आतलं वायरिंग कुठलं आहे ते बघून घ्या. काही ट्यूबना चोक काढून थेट वायर द्यावी लागते, तीही काहींना एकाच टोकाला. चुकीच्या टोकाला दिली तर शॉर्ट, आणि बसवताना हात पिनेला लागला तर झटका. अंदाजाने करू नका.

रॅक लोखंडी, खाली पाणी, हवा दमट. रॅकला अर्थिंग पाहिजेच. लाइनवर 30 मिलीअँपियरचं आर.सी.सी.बी. पाहिजे, म्हणजे वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच. प्लगची जोडणी ट्रेपेक्षा वर ठेवा आणि वायर प्लगच्या आधी खाली झोका देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोक्याच्या तळाशी गळेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

आणि एलईडी गेला म्हणून लोक आख्खा दिवा टाकतात. चिप सहसा जात नाही, जातो तो ड्रायव्हर, म्हणजे चिपला वीज पुरवणारा भाग. वीज परत येताना जो धक्का येतो त्याने. बोर्ड महागाचा असेल तर ड्रायव्हर वेगळा मिळतो, तो बदलून घ्या. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ड्रायव्हर बंद डब्यातला बघून घ्या. उघड्या जोडांवर खाऱ्या हवेने दोन पावसाळ्यांत हिरवा गंज चढतो.

---

शेवंतीवाला (सांगली), 13 जुलै, सकाळी 10:00

आमच्याकडे दिवा लागतो तो वेगळ्याच कामासाठी. शेवंती रात्र मोठी झाली की कळी धरते. कळी लांबवायची असेल तर रात्री मधेच दिवे लावून रात्र तोडायची. ड्रॅगन फ्रूटचं उलट. त्याला रात्रीचा उजेड दिला की हंगाम नसतानाही कळ्या येतात, म्हणून हिवाळ्यात रात्री आमच्या भागात मळेच्या मळे उजळलेले दिसतात. पूर्वी साधे पिवळे बल्ब, मग सीएफएल, आता एलईडी. इथे जोर नको असतो, फक्त रोपाला रात्र कळू द्यायची नसते. लाल उजेड त्याला पुरतो, 660 नॅनोमीटरच्या आसपासचा.

यावरून गोव्याच्या मंडळींना एक सूचना. घरात पालक आणि कोथिंबीर लावणाऱ्यांनी दिवा 16-16 तास ठेवू नये. दिवस लांबला की पालक पान सोडून तुऱ्याला जातो. 11-12 तास पुरे.

---

रानमेवा, 13 जुलै, सकाळी 10:20

दादा, माझा पालक वीतभर झाला की तुरा काढायचा आणि मी बियाणंवाल्याला बोल लावत होते. आज संध्याकाळीच टायमर बदलते.

---

अबोली_वळेसर (साखळी), 13 जुलै, दुपारी 12:40

वाचतेय सगळं. चवथीला माटोळीसाठी (गणपतीच्या वर बांधतात ती रानफळा-पानांची सजावट) लागणाऱ्या काही रानवेली कोणी घरात दिव्याखाली धरून ठेवल्यात का? आमच्याकडे डोंगर कापल्यापासून कांगलां मिळवायला फार लांब जावं लागतं.

---

पेडण्याची_मिरची, 13 जुलै, दुपारी 1:05

अबोली, यावर वेगळा धागा काढच. मी लिहीन. रानातली वेल खोलीत रमत नाही, कुंपणावर सोडलेली बरी.

---

सुरंगी, 4 ऑगस्ट, संध्याकाळी 6:30

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले. ट्यूब चढवल्या नाहीत.

बोर्ड साखळ्यांनी अठरा इंचांवर घेतला आणि निम्म्यावर केला. लक्स 20,000. जुनी पांढरी पानं काही हिरवी झाली नाहीत, ती खुडून टाकली. पण दहा दिवसांनी आलेली नवी पानं जाड, गडद आणि थोडी फुगीर. पेरांतलं अंतर आता बोटभर. परवा पहिली कापणी झाली. कात्रीला देठ लागला की करकन आवाज येतो, पूर्वी तो वाकायचा. आचाऱ्याने या वेळी परत पाठवला नाही, उलट पुढच्या आठवड्याला दुप्पट मागितलाय.

पाण्याचं मात्र बघून मी हबकले. सूर्यफुलाचा ट्रे सकाळी 1,450 ग्रॅम, संध्याकाळी 1,390. दिवसभरात फक्त 60 ग्रॅम गेले होते आणि मी रोज दोन्ही वेळा मिळून अर्धा लिटर ओतत होते. आता सकाळी एकदाच, वजन बघून, तेही ट्रेच्या खालून. रॅकच्या बाजूला जुना टेबलफॅन सगळ्यात कमी वेगावर. पंखा लावल्यापासून तोच ट्रे दिवसाला 130-140 ग्रॅम गमावतो. बी पेरतानाही आता थोडं विरळ टाकते.

गेल्या आठवड्यात सोळातला एकच ट्रे गेला. तो सगळ्यात खालचा, मागच्या भिंतीला टेकलेला. हात लावला तर भिंतच ओली होती, फणसाच्या बाजूने ओल झिरपतेय. तो कप्पा रिकामा केला, पाऊस संपल्यावर गिलावा करून घेणार. तोवर कोणाला दुसरा उपाय सुचला तर सांगा.

वायरमन बाब, आर.सी.सी.बी. बसवलं. बसवायला आलेल्या माणसाने रॅकला टेस्टर लावला तर दिवा लागला, एका पट्टीची वायर पत्र्याला घासून सोलली होती. रोज ओल्या हाताने मी तोच रॅक धरत होते. तुमचे उपकार कसे मानू.

पेडण्याच्या ताई, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पाटावर बसून काट्यावर ट्रे चढवत होत्या, आणि माझ्या वहीत माझ्या आकड्याखाली त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 1,420.

---

पेडण्याची_मिरची, 4 ऑगस्ट, संध्याकाळी 7:10

देव बरें करूं. ओल्या भिंतीपासून रॅक वीतभर पुढे ओढ आणि पंख्याचा वारा त्या फटीतून जाऊ दे. माझ्याकडे तेवढ्याने भागलं.

---

माड_पोफळ, 5 ऑगस्ट, सकाळी 6:45

सुरंगीताई, काल माझी एक ट्यूब गेली. 20 वॅटची पट्टी कुठली घेतलीत? आणि टेबलफॅन किती फुटांवर ठेवलाय?

---

सुरंगी, 5 ऑगस्ट, सकाळी 7:30

काका, पट्टीचं बिल शोधून संध्याकाळी कळवते. फॅन चार फुटांवर, तोंड भिंतीकडे. चोक काढाल तेव्हा त्या फळीवरच्या कुंड्यांचं पाणी त्याच दिवसापासून कमी करा.